एकाच चेहऱ्याचं राज्य

एका राज्यात राजा होता, राणी होती, हत्ती होते, तळी होती, आणि तळ्यांत कमळं वेळच्या वेळी फुलत. उणं असं काही नव्हतं. निदान लोकांना तसं वाटे. जे उणं होतं ते एका कातड्याच्या तुकड्यात होतं, आणि त्या तुकड्याला राज्यात देवाखालोखाल मान होता.

तेव्हा त्या तुकड्याचं आधी ऐका. फार पूर्वी या राज्याच्या मूळपुरुषाचं चित्र एका चिताऱ्यानं काढलं. नाक धारदार, डोळा थेट कानापर्यंत लांब, हनुवटी आंब्याच्या कोयीसारखी नेटकी. राजा खूश झाला. इतका खूश झाला की त्यानं हुकूम सोडला, "चेहरा असावा तर असा. आजपासून कोणाचंही चित्र काढा, चेहरा हाच काढा." चिताऱ्यानं त्या चेहऱ्याचा कातड्यावर खाका केला, म्हणजे रेघेरेघेवरून सुईनं बारीक भोकं पाडली. कागदावर कातडं ठेवायचं, वरून कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी टपटप आपटायची, कातडं उचललं की खाली चेहरा तयार. पुरुष असेल तर मिशी काढायची, बाई असेल तर नथ, आणि खाली नाव लिहायचं. सात पिढ्या हे असं चाललं. सरदाराच्या माडीत तोच चेहरा, तेल्याच्या ओटीवरही तोच. कुणी तक्रार केली नाही. मला उगाच सुंदर दाखवलंत म्हणून भांडायला येणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे!

सातव्या पिढीत हा खाका नागोजी चिताऱ्याकडे होता. नागोजीचा हात म्हातारपणी कापू लागला, म्हणून काम त्याची विधवा लेक गिरजा करी. गिरजेच्या हाताची कीर्ती अशी, की तिनं भिंतीवर चिमणी काढली तर मांजर खाली टपून बसे. पान काढायचं तर ती पान समोर ठेवून दिवसभर बघे. घोडा काढायचा तर तबेल्यात मुक्काम करी. चेहरा मात्र खाक्यानं. त्यात बघायचं काय? तिच्या वाडवडिलांनी बघितलं नव्हतं, तिनंही नाही. गिरजेला पाच वर्षांची एक लेक होती, बकुळा. आईच्या पदराला धरून ती चित्रांच्या कारखान्यात खेळे आणि सांडलेली कोळशाची भुकटी गालांना फासून घेई.

एका सकाळी गिरजेला जाग आली ती बकुळेच्या किंकाळीनं. गिरजा धडपडत उठली आणि जागच्या जागी थिजली. अंथरुणावर पाच वर्षांचं अंग होतं, इवलेसे हात होते, आणि मानेवर खाक्यातला चेहरा होता. धारदार नाक. कानापर्यंत लांब डोळे. लेकराच्या खांद्यांवर तो थोराड चेहरा बसला होता आणि किंचाळत होता, "माझी आई कुठाय? तू कोण? माझी आई कुठाय?"

गिरजेनं तांब्यातल्या पाण्यात पाहिलं. पाण्यातून तोच चेहरा तिच्याकडे पाहत होता. तिनं तांब्या सोडून दिला. दारातून नागोजी आला, त्यालाही तोच चेहरा, आणि वर पांढरी मिशी. बापलेक एकमेकांकडे बघत उभे राहिले.

रस्त्यावर तर अनर्थ माजला होता. बायका नवऱ्यांना घरात घेईनात. पाणवठ्यावर शंभर बाया घागरी टाकून एकमेकींकडे बघत होत्या आणि शंभरही एकच बाई होती. पाळण्यातल्या तान्ह्याला धारदार नाक फुटलं होतं, त्याला पाजायला आईला धीर होईना. राजवाड्यात आणखीच गोंधळ. सिंहासनापाशी तीन माणसं भांडत होती आणि तिघंही म्हणत होती, "राजा मी." त्यातला एक आचारी होता, एक भालदार होता. राणीनं शेवटी महाराजांना शिंकेवरून ओळखलं.

त्या दिवशी भरदुपारी दरबारात एक पिंगळा उडत आला आणि सिंहासनाच्या छत्रावर बसला. घुबडाच्या जातीचा हा ओंजळीएवढा पक्षी, दिवसा सहसा दिसत नाही. त्यानं मान पार पाठीपर्यंत फिरवून सगळ्यांना पाहून घेतलं आणि माणसाच्या वाणीनं बोलला.

"राजा, मी धूर्जट मांत्रिकाचा निरोप्या. निरोप ऐक. तुम्हाला एकच चेहरा पुरतो ना? मग घ्या एकच."

राजा म्हणाला, "आमचा अपराध?"

"अपराध कारखान्यात विचार."

मग पिंगळ्यानं अपराध स्वतःच सांगितला. मांत्रिकाला एकच लेक होती, केतकी, दहा वर्षांची. ती दुखण्यानं झिजत चालली. मंत्र थकले, मुळ्या थकल्या. पोर हातची जाणार हे कळलं तेव्हा बापानं तिला उचलून तीन डोंगर ओलांडले आणि चिताऱ्यांच्या कारखान्यात आणून बसवलं. निदान तोंड तरी राहू दे डोळ्यांपुढं, एवढीच त्याची मागणी. तीन दिवस केतकी तिथं बसली. चौथ्या दिवशी चित्र घेऊन दोघं परतली, पंधराव्या दिवशी केतकी गेली. बापानं चित्र उघडलं, आणि चित्रात राज्याचा मूळपुरुष नथ घालून बसला होता.

"तिच्या खांद्यावर मी बसलो होतो," पिंगळा म्हणाला. "माझ्यासारख्याचा खाका कारखान्यात नव्हता, म्हणून मला बघून काढलं. माझं पीस न् पीस खरं आहे. डोळ्यातला पिवळा ठिपका खरा आहे. त्या चित्रात पिंगळ्याला त्याचा चेहरा आहे, राजा. लेकराला नाही."

मागं उभ्या असलेल्या गिरजेनं खांब धरला, कारण ते चित्र तिनं काढलं होतं. तिला पिंगळा आठवला. किती हौसेनं काढला होता तो! पायांच्या नख्या, पापणीची सुरकुती, सगळं. पोरगी तीन दिवस हातभर अंतरावर बसली होती, आणि गिरजेला तिचं तोंड आठवेना. लाख प्रयत्न केला. आठवेना. नुसता पक्षी आठवे.

"मांत्रिकाच्या दारात पळस फुलला आहे," पिंगळा म्हणाला. "त्याचं शेवटचं फूल पडेपर्यंत मुदत. त्यानंतर हे चेहरे हाडाला चिकटतील. ज्या हातानं चित्र काढलं तो हात येऊ दे."

गिरजा पुढं झाली. म्हणाली, "हात माझा आहे. येते."

निघण्याआधी ती घरी आली. बकुळा धान्याच्या कणगीमागं भिंतीकडे तोंड करून बसली होती. सकाळपासून पोटात कण नव्हता. कुणाचंही तोंड दिसलं की ती ओरडे, म्हणून नागोजी तिच्याकडे पाठ करून बसला होता आणि ताटली मागच्या मागं सरकवत होता.

"जेवेल ना हो बाबा?" गिरजेनं विचारलं.

"तू आलीस तर जेवेल," म्हातारा म्हणाला. "तुझं तोंड घेऊन आलीस तर."

गिरजेनं पदर खोचला आणि वाट धरली. पहिल्या डोंगरानं तिला नाव विचारलं. दुसऱ्यानं काम विचारलं. तिसरा नुसताच डोंगर होता, तो चढायला सगळ्यात अवघड गेला. माथ्यावर गुहा, गुहेच्या दारात पळस, आणि पळसाखाली धूर्जट मांत्रिक बसला होता.

गिरजा त्याच्याकडे बघतच राहिली. शाप पडल्यापासून तिनं एकच चेहरा पाहिला होता, आणि इथं दुसरा होता! नाक मधेच मोडून डावीकडे गेलेलं. एक भुवई वर, एक खाली. दाढीत राखेचे कण. असंही माणसाचं तोंड असतं? मग तिच्या लक्षात आलं की शापाआधी राज्यात अशी हजारो तोंडं होती, शेजारीपाजारी होती, आणि तिला त्यांतलं एकही धड सांगता आलं नसतं.

"चितारणी," मांत्रिक म्हणाला, "गुहेत काळी शिळा आहे. तिच्यावर काढ. खरी रेघ ती ठेवते, खोटी पिऊन टाकते. तीन चित्रं. पहिलं, डोकं. दुसरं, त्या लाखभर एकसारख्या माणसांतलं एक माणूस, ओळखू येईल असं. तिसरं, माझी केतकी. मी तिचं वर्णन करणार नाही. तुझ्यासमोर ती बसली होती."

"आणि जमलं नाही तर?"

"तर तुमचा मूळपुरुष तुम्हाला लखलाभ."

पहिलं चित्र गिरजेला सोपं वाटलं. डोकं काय, रोजचंच! तिनं शंखजिऱ्याच्या दगडाची पांढरी कांडी घेतली आणि डोळ्यांपासून सुरुवात केली. लांब डोळे, नाक, ओठ, वर कपाळाची एक रेघ. शिळेनं गटकन सगळं पिऊन टाकलं. तिनं पुन्हा काढलं. शिळा पुन्हा प्याली. दिवस मावळेपर्यंत तिनं चाळीस डोकी काढली आणि शिळेची तहान काही भागेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी पिंगळा शिळेवर येऊन बसला. "बाई, डोळे डोक्यात कुठे असतात?"

"वरच्या बाजूला. कपाळाखाली."

"मोजलेत?"

"त्यात मोजायचं काय? सात पिढ्या तिथंच आहेत."

"मोजा."

गिरजेनं गवताची एक काडी तोडली. टाळूवर सपाट हात ठेवला आणि हातापासून डोळ्यापर्यंत काडी मोजून मोडली. मग तीच काडी डोळ्यापासून हनुवटीपर्यंत लावली. तंतोतंत बसली. तिचा विश्वास बसेना. पुन्हा मोजलं. मग उठून मांत्रिकाकडे गेली, म्हणाली, "महाराज, क्षमा करा," आणि त्याचंही डोकं मोजून टाकलं. तिथंही तेच. डोळे डोक्याच्या बरोबर मध्यावर! जेवढं तोंड खाली, तेवढंच डोकं वर.

"अगं बाई!" गिरजा मटकन खाली बसली. तिला खाका आठवला. खाक्यात डोळ्यांवर चार बोटं कपाळ आणि लगेच पागोटं. पागोट्याखाली काय आहे हे कुणी काढलंच नव्हतं. सात पिढ्या त्यांनी राजांना, शास्त्र्यांना, न्यायाधीशांना अर्धी डोकी कापून भिंतीला टांगलं होतं, आणि वरून नमस्कार केले होते!

"आता कळलं," पिंगळा म्हणाला. "तुम्ही तोंड काढता आणि त्याला डोकं चिकटवता. तोंड डोक्यावर असतं, बाई. आधी डोकं."

मग त्यानं तिला कामाला लावलं. मांत्रिकाच्या परसात भोपळे होते. एक भोपळा तिनं समोर ठेवला. त्याच्या मध्यावरून आडवा दोरा बांधला, तो डोळ्यांचा. डोळे आणि तळ यांच्या मध्यावर दुसरा बांधला, तो नाकाच्या शेंड्याचा. वरून खाली एक उभा दोरा, म्हणजे तोंडाची मधली रेघ. भोपळा सरळ ठेवला तेव्हा दोरे सरळ दिसले. पुढं कलवला तर ते खाली पोट काढून वाकले. मागं कलवला तर वर वाकले. बाजूला वळवला तर उभा दोरा कडेला सरकला आणि एक गाल मोठा, एक लहान झाला. पिंगळा शेजारी बसून भोपळ्याबरोबर आपली मान फिरवी, आणि गिरजा कधी भोपळा बघे, कधी पिंगळा. तिनं दोनशे भोपळे काढले. हात काळेपांढरे झाले, बोटांना घट्टे पडले. भूक लागली की तिला बकुळेची ताटली आठवे आणि घास खाली उतरत नसे. दारातला पळस झडत होता.

नवव्या दिवशी तिनं एक डोकं काढलं. ना नाक, ना डोळे, ना मिशी. नुसतं डोकं, किंचित पुढं झुकलेलं, आणि त्यावर तीन वाकड्या रेघा. शिळेनं ते ठेवलं. इतकंच नाही, ते शिळेतून थोडं वरही आलं, आणि पिंगळा जाऊन त्याच्या टाळूवर बसला.

"एक झालं," मांत्रिक म्हणाला.

दुसऱ्या चित्रासाठी गिरजा डोंगर उतरून राज्यात आली. राज्य आता थंडावलं होतं. लोकांनी गळ्यात नावाच्या पाट्या बांधल्या होत्या. पाट्यांची अदलाबदल करून चोर सुखात होते. गिरजा बाजारात बसली, चौकात बसली, पाणवठ्यावर बसली. जिकडे बघावं तिकडे तोच चेहरा. कुणाला उचलायचं आणि कशावरून?

हताश होऊन ती घरी गेली. बकुळा अजून कणगीमागंच होती, भिंतीकडे तोंड करून. बरगड्या मोजता येत होत्या. ताटली तशीच होती, वर मुंग्या आल्या होत्या. "पाणी पिते, कधी दुधाचा घोट," नागोजी म्हणाला.

गिरजेनं हाक मारली नाही. हाक मारली असती तर पोर वळली असती आणि पुन्हा किंचाळली असती. ती मागं बसून राहिली. समोर पोरीचं पाठमोरं डोकं. दुसरं बघायला काही नव्हतंच, म्हणून ती तेच बघत बसली. आणि बघता बघता ती पुढं सरकली. या पोरीच्या डोक्यात दोन भोवरे होते! डावा मोठा, उजवा लहान, आणि दोहोंच्या मधे एक बट कुणाचं न ऐकता उभी. कान असे बाहेर आलेले की सकाळचं ऊन त्यांतून तांबडं दिसावं. मानेवरची पन्हळ. रुसल्यावर उजवा खांदा वर घ्यायची रीत. यांतलं काहीही खाक्यात नव्हतं. खाक्याला मागची बाजूच नव्हती, मग शाप तिथं पोचणार कसा? ही बकुळा होती, नखशिखान्त बकुळा. इतके दिवस सगळं राज्य तोंडं बघून ऊर बडवत होतं आणि मागून कुणी पाहिलंच नव्हतं.

गिरजेला रडू फुटलं, पण डोळे पुसायला तिनं वेळ घालवला नाही. संध्याकाळपर्यंत बघितलं, डोळ्यांत भरून घेतलं आणि तशीच डोंगर चढली. शिळेवर तिनं पाठमोरी बकुळा काढली. तोंड नाहीच. शिळेनं एक रेघही प्यायली नाही.

मांत्रिक चित्रापुढं येऊन उभा राहिला. मग विचारलं, "कोण आहे?"

"माझी लेक. मला ओळखत नाही."

मांत्रिकाची वर असलेली भुवई आणखी वर गेली. "दोन झाली," तो म्हणाला आणि बाहेर निघून गेला.

राहिलं तिसरं, आणि पळसावर राहिली सात फुलं. गिरजेनं केतकीचं डोकं काढलं, दहा वर्षांच्या पोरीचं, दुखण्यानं मान टाकलेलं. शिळेनं ठेवलं. मग डोळे काढले, शिळा प्याली. नाक काढलं, प्याली. ओठ काढले, प्याली. सहा दिवस शिळा पीत राहिली. आता गिरजेला तोंड काढता येत होतं. शंभर तऱ्हांची काढता येत होती. यांतलं केतकीचं कुठलं, ते मात्र तिनं पाहिलंच नव्हतं. नजर तिची त्या तीन दिवसांत पक्ष्यावर होती. सातव्या दिवशी फांदीवर एक फूल उरलं. गिरजेनं कांडी खाली ठेवली.

"महाराज, मी हरले," ती म्हणाली. "तुमची लेक माझ्यासमोर बसली होती आणि मी तिच्याकडे पाहिलं नाही. याला औषध नाही."

मांत्रिक पळसाखाली उभा होता, एक हात वर फांदीला धरून. तेवढ्यात पिंगळा उडाला, मांत्रिकाच्या खांद्यावर जाऊन बसला आणि त्याचा कान चोचीनं हलकेच कुरतडू लागला.

हे गिरजेनं पाहिलं होतं! पिंगळा खांद्यावर, चोच कानाला. तीन दिवस तो हेच करत होता, आणि ती त्याची चोच काढताना चोचीपाशी जे होतं तेही बघत होती. एक कान. पाळी गालाला चिकटलेली, वरची कड पानाच्या कडेसारखी दुमडलेली. आणि समोर मांत्रिकाचा कान हुबेहूब तसा होता.

तिनं झडप घालून कांडी उचलली. आधी पिंगळा काढला, तो तिला पाठ होता. पिंगळ्याच्या चोचीपाशी कान काढला. शिळेनं ठेवला! कानापासून गालाची कड आठवली, गळ्याची शीर आठवली. तीही राहिली. पुढं अंधार होता.

"महाराज, केतकी औषध घेताना काय करी?"

"वर्णन करणार नाही, असं ठरलं आहे."

"करू नका. नुसतं आठवा."

मांत्रिकानं आठवलं. आणि गिरजा आ वासून बघत राहिली. त्या दाढीवाल्या, राख फासलेल्या तोंडाचा डावा डोळा मिटला, नाकाला तीन आठ्या पडल्या, खालचा ओठ पुढं आला, आणि क्षणभर तिथं दहा वर्षांची हट्टी पोर उभी राहिली. मांत्रिकाला स्वतःला पत्ताही नव्हता. लेकराची आठवण काढताना आईबाप लेकराचं तोंड करतात, आणि त्यांना कुणी तसं सांगितलेलं नसतं.

"पुन्हा आठवा," गिरजा म्हणाली. तिचा हात सरसर चालू लागला. मिटलेला डोळा राहिला. उघडा डोळा राहिला. ओठ राहिला. नाक शिळेनं पिऊन टाकलं. तिनं पुन्हा काढलं, पुन्हा गेलं.

"महाराज, तुमचं नाक कधी मोडलं?"

"वयाच्या विसाव्या वर्षी. वेताळाशी झुंजताना."

"मग तिचं मोडलेलं नव्हतं," गिरजा पुटपुटली, आणि मोडण्यापूर्वीचं नाक तिनं काढलं, लहान करून, तीन आठ्या घालून. शिळेनं ते ठेवलं.

चित्र पुरं झालं. गिरजा मागं सरली आणि मुदत आठवून तिनं घाबरून दाराकडे पाहिलं. फूल फांदीवरच होतं. देठ मात्र कधीच सुकून सुटला होता. मांत्रिक सकाळपासून हात वर करून उभा होता तो उगाच नाही. शेवटचं फूल त्यानं फांदीशी चिमटीत धरून ठेवलं होतं.

त्यानं आता चिमूट सोडली. फूल पडलं. तो गुहेत आला आणि शिळेपुढं गुडघे टेकून बसला. शिळेवर केतकी होती, डावा डोळा मिटून, नाक मुरडून, ओठ काढून. ज्यानं लाख माणसांचे चेहरे एका रात्रीत हिरावले होते, त्याच्या तोंडून बारीक आवाज निघाला.

"घेतलंस का गं औषध?"

केतकी नाक मुरडून त्याच्याकडे बघत राहिली. मांत्रिक हसला आणि हसता हसता हमसून हमसून रडला. पिंगळा त्याच्या खांद्यावरून उडाला आणि चित्रातल्या पिंगळ्याशेजारी जाऊन बसला. गिरजा चोरपावलांनी बाहेर पडली. कुणाच्या रडण्यापुढं उभं राहू नये.

परतीचा शेवटचा डोंगर उतरतानाच राज्यातला कल्लोळ कानावर आला. शाप उतरला होता. लोक एकमेकांचे गाल धरून ओरडत होते, "तुझं नाक असं होतं होय रे?" "अहो, तुमच्या हनुवटीला खळी आहे!" राजेसाहेब नकट्या नाकाचे, गोल तोंडाचे निघाले. सात पिढ्यांची चित्रं पाहिलेल्या पहारेकऱ्यांनी त्यांना वेशीवर अडवलं, आणि राणीला पुन्हा शिंकेची साक्ष काढावी लागली. पुढं राजानं हुकूम काढला, की ज्याचं चित्र काढायचं त्याच्यासमोर चिताऱ्यानं आधी तीन दिवस नुसतं बसावं, मग कांडी धरावी. खाका जाळायला निघाले होते, पण नागोजीनं तो मागून घेतला आणि कारखान्याच्या उंबऱ्यात पाय पुसायला टाकला.

गिरजा मात्र वेशीपाशी थांबली नाही, की राजवाड्याकडे वळली नाही. धावत घरी आली. कणगीमागं बकुळा भिंतीकडे तोंड करूनच बसली होती. शाप उतरला हे नागोजीनं तिला दहादा सांगितलं होतं, पण मागं वळायचा तिला धीर होत नव्हता. गिरजा मागं बसली.

"तुझ्या डोक्यात दोन भोवरे आहेत," ती हळूच म्हणाली. "डावा मोठा. मधली बट माझं ऐकत नाही."

उजवा खांदा खाली आला. बकुळा वळली.

पोरीच्या डाव्या भुवईत, केसांत लपलेला, मोहरीएवढा एक तीळ होता. पाच वर्षं तिनं हे तोंड धुतलं होतं, पुसलं होतं, कुरवाळलं होतं, आणि तो तीळ ती आज पहिल्यांदा पाहत होती.

बकुळेनं दोन्ही हातांत आईचं तोंड धरलं. इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं. चिताऱ्याच्या घरची पोर ती, घाई केली नाही. मग म्हणाली, "तूच आहेस," आणि ताटलीकडे हात केला.

गिरजेनं तिला भरवलं. भरवताना ती तिच्याकडे बघत होती, एकेका घासाला, जसं कुणी पहिल्यांदा बघतं.

केतकीला तिचं तोंड मिळालं, बकुळेला तिची आई मिळाली, राज्याला आपापली नाकं मिळाली. तशी ज्याची त्याला मिळोत. ही कहाणी इथं पुरी झाली. ऐकणाऱ्यानं उठण्याआधी शेजारी बसलेल्याकडे एकदा नीट बघावं.